सोप्याचे खांब आणि न वाळलेला रंग

वारुळाच्या रूपाने आमच्या गावाची माती अंगावर धारण करून बसलेली श्रीसातेरी आणि तिच्या शेजारी हाती खड्ग घेऊन उभा असलेला श्रीरवळनाथ, या उभयतांच्या चरणी मस्तक ठेवून हे प्रकरण लिहावयास घेत आहे. निमित्त अगदी लहान आहे. गेल्या आठवड्यात माझा नातू म्हापशाहून दोन डबे घेऊन आला. एकात तैलरंग आहे आणि दुसऱ्यात लाकडात मुरणारा पातळ रंग आहे, ज्यास दुकानदार स्टेन म्हणतो. डबे सोप्यावर ठेवून तो म्हणाला, "आजोबा, गणपतीची चवथ लागी येयली. खांबांक ह्यांतलो खंयचो लावू? एकान लाकूड झाकता, दुसऱ्यान दिसता." मी त्यास थांब म्हटले. तो गुणी आहे, थांबला. परंतु तेव्हापासून मलाच स्वस्थता नाही. पूजेस बसतो तो ध्यान खांबांकडे जाते. दुपारी पडतो तो उठून पुन्हा बाहेर येतो. हाच प्रश्न याच सोप्यावर पूर्वी एकदा विचारला गेला होता, आणि त्याचे उत्तर थेट देवाकडून आणावे लागले होते. ती हकीकत कागदावर उतरल्यावाचून मला या दोन डब्यांपैकी एकाकडेही बोट दाखविता येणार नाही.

धारगळला आमचे घर रस्त्याच्या कडेलाच आहे. चिऱ्याच्या भिंती, नळ्यांचे छप्पर, पुढे लांबरुंद सोपा, त्यास फणसाच्या लाकडाचे चार खांब, खांबांना जोडलेला बाक, मध्ये दरवाजा आणि दोहों अंगांना दोन जनेले, म्हणजे खिडक्या. भिंतींना दरवर्षी चुना लागे. लाकडाला मात्र आमच्या घरी रंग कधी लागला नव्हता, त्यास काजूच्या टरफलांचे तेल लागत असे. त्या तेलाने खांब जुन्या गुळासारखे काळसर तांबूस दिसत, आणि दुपारच्या उन्हात त्यांस किंचित जळका, तुरट वास येई. पाठशाळेतून सुटीला परतताना घर दृष्टीस पडण्यापूर्वीच तो वास मला भेटत असे. घरात माझे वडील, ज्यांस आम्ही बाबा म्हणत असू, माझी आई, धाकटे अनंतकाका आणि थोरली काकी. अनंतकाका डिचोलीस एका खाणीच्या कचेरीत नोकरीला होते, तेथेच खोली घेऊन राहत आणि आदितवारी घरी येत. थोरली काकी म्हणजे माझ्या दिवंगत थोरल्या काकांची पत्नी. तिला मूल नव्हते. आमच्या सर्वांच्या पानांत पेज, ओल्या काजूंची उसळ आणि घोट्यांचे, म्हणजे पिकल्या रायवळ आंब्यांचे, तोंडाक पडे ते तिच्याच हातचे.

तेल काढण्याचे कामही तिचेच. काजूचा हंगाम सरला की ती परसात खड्डा खणून त्यात एक मडके ठेवी. त्यावर बुडाला भोक पाडलेले दुसरे मडके टरफलांनी भरून, तोंड मातीने लिंपून बसवी आणि भोवताली गोवऱ्या पेटवी. वरची टरफले तापून त्यांचे तेल थेंबाथेंबाने खालच्या मडक्यात उतरे. पुढे आयुर्वेदाच्या ग्रंथांत पातालयंत्राचे वर्णन वाचले तेव्हा मला आमचे परसच डोळ्यांपुढे आले. हे तेल अत्यंत दाहक असते. अंगावर उडाले की कातडी काळी पडून सोलून निघते. काकी कोपरापर्यंत खोबरेल चोपडून, हाताला चिंध्या गुंडाळून ते खांबांना लावी, तरी वैशाख सरेपर्यंत तिचे हात ठिकठिकाणी सोललेले असत. थोरले काका होते तेव्हा हे काम ते करीत. ते गेल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात काकी मडके घेऊन बाहेर आली, आणि तिला कोणी अडविले नाही. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. नवरा गेलेल्या बाईने सोप्यावर, रस्त्याच्या दृष्टीसमोर बसू नये, असा आमच्याकडे रिवाज होता. वर्षातले बाकीचे सर्व दिवस काकी स्वयंपाकघर, देवघर आणि परस एवढ्यांतच वावरत असे.

ज्या वर्षाची ही गोष्ट त्या वर्षी मी पाठशाळेतून आलो तो चित्ताची घडी मोडूनच. पुढे शिकावे की घरची भिक्षुकी धरावी, हे ठरत नव्हते. मी विनाकारण विहिरीपर्यंत जाई आणि परत येई. त्यात एका आदितवारी अनंतकाका हिरव्या रंगाचा डबा काखोटीला मारून बसमधून उतरले. डबा बाकावर ठेवून, पाय धुण्याआधीच, त्यांनी विषय काढला.

"दादा, यंदा तेल पुरे. हायवेची धूळ ह्या तेलार बसता ती उठणा नाय. डिचोलीक बघ, खाणीची तांबडी माती सगळीकडे, पण रंग लायलली दारां-जनेलां कशी चकचकीत. ओल्या फडक्यान पुसली काय नवी."

बाबांनी पंचांगातून मान वर केली नाही. "झाकललां लाकूड भितरसून कुसता काय बरां आसा, तां कसां कळाचां? तेल लाकडात मुरता. लाकूड दिसता. आनी रंग एकदा लायलो मगे परत तेल पिवचां नाय तां."

"पिवक कित्याक व्हया? लाकूड काय गाडयेचो बैल आसा?"

"फणसाचां लाकूड आसा अनंता. त्याका हिरवां फासूक तां काय निवडणुकेची भिंत आसा?"

आई आतून पाट मांडीत होती. ती म्हणाली, "अर्धे-अर्धे घेया. दोन खांब हिरवे, दोन काळे. वाटेवयली माणसां तरी म्हणतली, भटांच्या घरात भाव वेगळे झाले."

या थट्टेवर कोणी हसले नाही. कारण गावात त्या वर्षी दोन घरांच्या वाटण्या झाल्या होत्या, आणि त्यांपैकी एकीची सुरुवात गोठ्याच्या दारावरून झाली होती. पुढचे तीन आदितवार काका येत, डब्याकडे पाहत आणि जेवून निघून जात. बाबा त्या डब्यावर ओले धोतर वाळत घालीत. घरात बोलणे कमी झाले आणि भांड्यांचा आवाज वाढला.

या काळात सर्वांत अस्वस्थ होती ती थोरली काकी. भांडण भावांचे, पण येरझारा तिच्या. परसातून माजघरात, माजघरातून मधल्या दारापर्यंत, आणि उंबरठ्याला पाय लागण्यापूर्वीच मागे. टरफलांची रास तशीच पडून होती. एके सकाळी ती राशीपाशी उभी दिसली म्हणून मी विचारले, "काकी, कित्याक गो इतक्या येरझारो घालतंस?"

"टरफलां पुरतली काय नाय, बघतंय."

"रंग लायलो तर टरफलां कित्याक? तुजे हात तरी वाचतले."

तिने हात पुढे धरून पाहिले, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत. "हात वाचवन मी काय करतलंय, रे बाबू?" थोडा वेळ ती पायाने टरफले सारीत राहिली. मग खाली पाहूनच बोलू लागली. "तेल लायतंय तितके दीस मी सोप्यार आसतंय. सावंतवाडीची येस्टी येता. बाजाराची बायलमाणसां जातत. शाळेची पोरां भांडत जातत. ती पावाची टोपली घेवन जाणारी बाय माका हाक मारता, 'बरी मगे?' म्हणान. मी म्हणतंय, 'बरी.' रंग झालो काय रंगारी येतलो, लायतलो, जातलो. मगे मी कित्याचां नाव घेवन भायर येवं?" आणि लगेच म्हणाली, "हां कोणाक सांगू नको. जा, पेज निवता."

हात सोलून घेऊन कोणी रस्ता पाहण्याचा हक्क मिळवीत असेल, हे माझ्या कल्पनेतही आले नव्हते. त्या दिवसापासून माझी स्वतःची तगमग मागे पडली आणि तिची मला लागली.

शेवटी बाबांनी तोड काढली ती आमच्या मुलखात काढतात तीच. रवळनाथाला प्रसाद लावावयाचा. देवाच्या पाषाणमूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवितात, गुरव गाऱ्हाणे घालतो, आणि उजव्या अंगाची पाकळी पडली तर होय, डाव्या अंगाची पडली तर नाही. लग्न, विहीर, आजार, हरवलेले जनावर, सर्व काही आमचा गाव देवाला विचारून करतो. तरी आमचा प्रश्न ऐकून वृद्ध गुरवाने हातातली पाकळी परत तबकात ठेवली.

"भटानू, देवाक आजपर्यंत सोयरिकी विचारल्यो, चोऱ्यो विचारल्यो. डबो कोणी विचारूक नाय."

"घराचो प्रश्न आसा," बाबा म्हणाले. "विचार, तेल सोडून रंग लायल्यार घराचां वायट जातला काय?"

"ही वाट वाकडी," काका म्हणाले. "वायटाचां नाव आधीच घेतलंस. बऱ्याचां विचार."

"बरां-वायट काय तां देव सांगतलो. तू गुरव काय मी?"

"दोघय नाय, मी आसंय," गुरव म्हणाला, आणि दोघांना हाताने मागे सारून त्याने स्वच्छ शब्दांत गाऱ्हाणे घातले. "देवा महाराजा, सोप्याच्या लाकडाक रंग लायल्यार ह्या घराचां बरां जातला, तर उजवी दी."

देवळात गारवा होता, पण सर्वांना घाम फुटला होता. पाकळ्या हलेनात. समईची वात दोनदा सारावी लागली. काका एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकीत होते. बाबांच्या ओठांची हालचाल चालू होती, परंतु मंत्र पुढे जात नव्हता, एकाच पदाशी घुटमळत होता. मी मागे वळून पाहिले. बायकांच्या रांगेत अगदी शेवटी काकी बसली होती आणि तिची नजर डाव्या पाकळीवर खिळली होती. इतक्यात उजव्या अंगाची पाकळी किंचित सुटली, अर्धवट लोंबकळली आणि पडली.

बाबांनी तत्काळ लोटांगण घातले. जिंकल्याचा भाव काकांनीही दाखविला नाही, देवापुढे तो कोण दाखवील? काकीने हात जोडले आणि ती "बरां" एवढेच म्हणाली.

त्या सायंकाळी बाबा तुळशीपाशी एकटे होते. काकीने सांगू नको म्हटले होते, तरी मी सर्व सांगितले. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "कौल झालो. आता मागार जावक येणा नाय." काही पावले चालून पुन्हा वळले. "तिका सोप्यार बसा नको म्हणान ह्या घरात कोणी सांगलां?"

"कोणी नाय."

"मगे?"

"बसा म्हणानय कोणी सांगूक नाय, बाबा."

त्यानंतर पुष्कळ वेळ त्यांच्या खडावांचा आवाज अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत येत राहिला. आज वाटते, जे कोणी बोलून घातलेले नसते ते बंधन सोडवावे तरी कोणी, हाच त्या पावलांचा प्रश्न होता.

म्हापशाचा रंगारी आला. खांब, बाक, दार, जनेले, सर्व पोपटासारखे हिरवे झाले. काकी मधल्या दाराआड उभी राहून ऐकत होती. रंगारी शीळ वाजवीत काम करतो आणि मजुरी घेऊन जातो, एवढेच तिला कळले. जाताना तो सांगून गेला की उद्यापर्यंत वाळेल. उद्या वाळला नाही. परवाही नाही. काका म्हणाले, हवा दमट आहे. पुढच्या आदितवारी म्हणाले, हात जाड बसला असेल. पण रंग बोटाला लागतच राहिला. पिढ्यान्‌पिढ्या तेल प्यालेले ते लाकूड, ते आतून तेल सोडी आणि वरचा रंग धरू देईना. हायवेची धूळ, कोंबड्यांची पिसे, भाताचा कोंडा, जे उडे ते येऊन चिकटे. आषाढात दिव्याभोवती जमणारी पावसाळी पाखरे सकाळी खांबांना पंखांसह चिकटलेली आढळत. रस्त्याने जाणारे लोक मुद्दाम थांबत. "भटजी, खांबांक पंख फुटले. आता घर उडतला, संबाळा." बाबा ऐकून घेत. देवाचा कौल आहे, या एका वाक्यापलीकडे ते काही बोलत नसत. पण त्यांची झोप उडाली होती. कौल खोटा मानता येईना आणि खांब खरे मानता येईनात.

मग तो आदितवार आला. जेवण जड झाले होते. अनंतकाका आपला पांढराशुभ्र नवा सदरा घालून वर्तमानपत्र वाचता वाचता खांबाला टेकले आणि पेंगले. बस हॉर्न वाजवीत आली, ते दचकून उठले, आणि सदऱ्याची पाठ खांबावरच राहिली. तो फाटण्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. आई बाहेर आली, पाहिले आणि गंभीरपणे म्हणाली, "भावजी, रंग बरो बसलो हां. खांबार नाय, पण तुमच्या पाठीर बरो बसलो." काका स्वतःच प्रथम हसले. मग बाबा हसले. कित्येक आठवड्यांनी ते दोघे एकमेकांकडे पाहून हसत होते.

परंतु रंग काढावयाचा कोणी? श्रावण लागला होता, चवथीला पाव्हणे येणार, आणि रंगारी निरोपांना दाद देईना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी संध्या करून उठलो तो बाहेरून खरखर असा आवाज आला. काकी सोप्यावर होती. फुटक्या बाटलीचा काचेचा तुकडा फडक्यात धरून ती पहिल्या खांबाचा रंग खरवडीत होती, शेजारी रॉकेलची बाल्दी. तिला कोणी बोलाविले नव्हते. तिने कोणास विचारलेही नव्हते. रस्त्याने पावाची टोपली घेऊन बाई जात होती. ती थबकली. "गे माये, खंय आशिल्लंस? बरी मगे?" काकीने मान न वळविता, पण मोठ्याने म्हटले, "बरी."

बाबा दारात उभे होते. ते आत गेले, काचेचा दुसरा तुकडा शोधून आणला, धोतराचा काचा मारला आणि त्याच खांबाच्या दुसऱ्या अंगाला बसून खरवडू लागले. हायवेवरून येणारे-जाणारे पाहत होते. भटजी आणि त्यांची विधवा भावजय भर सोप्यात समोरासमोर बसलेली कोणी कधी पाहिली नव्हती. बाबा तोंडाने स्तोत्र म्हणत होते आणि काच त्याच ठेक्यावर चालत होती. मी तिसरा बसलो. आदितवारी काका आले, सदरा काढून चौथे बसले. श्रावणभर आमच्या घरी हेच चालले. नागपंचमीच्या पातोळ्या आम्ही तेथेच, हात धुऊन, बाकावर बसून खाल्ल्या. हळदीच्या पानाचा वास आणि रॉकेलचा वास, दोन्ही एकाच श्वासात. काकी पहिल्यांदा सर्वांबरोबर बसून जेवताना मी तेथे पाहिली.

रंग गेला आणि त्याबरोबर जुन्या तेलाचा काळा थरही गेला. खाली फणसाचे लाकूड निघाले ते हळदीसारखे पिवळे. बाबांनी जन्मभर ते खांब पाहिले होते, पण त्यांचा हा रंग त्यांनीही पाहिला नव्हता. चवथीच्या दिवशी पाव्हणे येऊ लागले, गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या माटोळीखाली माणसांची दाटी झाली, तशी बाकाच्या टोकाला बसलेली काकी पदर सावरून उठली.

"वयनी, खंय चलल्यात?" बाबांनी विचारले.

"भितर."

"बसा थंयच. खांबांक कोणी टेकात तर बघूक व्हया."

"आता खांब सुके आसत."

"आसूं. तुमी बसा."

एवढेच. काकी आधी बाकाच्या कडेवर, कोणत्याही क्षणी उठता येईल अशी बसली. आरती झाली, प्रसाद वाटला गेला, बस आली आणि गेली. मग केव्हातरी तिने पाठ खांबाला टेकली. दिवाळीनंतर खांबांना पुन्हा तेल लागले, आणि ते मी लावले. तिला आता त्या निमित्ताची आवश्यकता उरली नव्हती.

पाव्हणे पांगल्यावर अनंतकाका बाबांना म्हणाले, "दादा, माजो रंग फुकट गेलो."

बाबा निरांजन घासत होते. ते म्हणाले, "फुकट कसो? रंग लायल्यार घराचां बरां जातला, असो देवान कौल दिल्लो. झालां मरे बरां."

काकी त्यानंतर पुष्कळ वर्षे जगली आणि रोज सकाळी त्या बाकाच्या टोकाला बसत राहिली. शेवटी डोळे गेले तेव्हाही कोणती बस हे ती आवाजावरून सांगे. तेथील लाकूड तिच्या बसण्याने उतरून गुळगुळीत झाले आहे, उथळ परडीसारखे. तेल लावणे थांबून आता पुष्कळ वर्षे झाली, लाकूड कोरडे आहे. आज सकाळी मी त्या जागेवर हात फिरविला आणि माझी अस्वस्थता शमली. नातवाला हाक मारली आणि सांगितले, "बाबू, झाकणारो रंग परत करून ये. लाकडात मुरता तो लाय. बाकाची ती जागा दिसूक व्हयी." त्याने कारण विचारले नाही. हे प्रकरण त्याच्यासाठीच लिहिले आहे.

श्रीरवळनाथ हे वाचणाऱ्याचे आणि त्याच्या घरादाराचे रक्षण करो. तुमच्या दाराचे लाकूड दीर्घकाळ टिको, चुलीवर दोन वेळा अन्न शिजो, भावाभावांतील बोलणे कधी न तुटो. आणि ज्या घरात तुम्ही राहता, त्या घराच्या पुढच्या अंगाला बसावयास कोणा जिवाला काही निमित्त शोधावे न लागो. इति शुभम्.